पंचनाम्याचा कागद आणि दलालाचे कार्ड

२६ जानेवारी २०१८ ची रात्र कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. गणपतीपुळ्याहून परतणारी पुणे परिसरातील कुटुंबांची मिनी बस शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली आणि तेरा जीव गेले. आवाज ऐकताच आसपासचे तरुण अंधारात नदीपात्राकडे धावले. पोलीस कोण, अग्निशमन दलाचा जवान कोण आणि साधा नागरिक कोण, हा भेद त्या रात्री उरला नव्हता. पुढे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि परप्रांतीय मालमोटारींच्या रांगा दिवसेंदिवस खोळंबून राहिल्या, तेव्हा महामार्गालगतच्या गावकऱ्यांनी त्या अनोळखी चालकांना जेवू घातले. कोणी कोणाची जात विचारली नाही, प्रांत विचारला नाही, मोबदला मागितला नाही. संकटात सापडलेल्या वाटसरूकडे गिऱ्हाईक म्हणून पाहायचे नाही, हा या मातीचा सहज धर्म आहे.

मात्र प्रत्येक अपघात असा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही. महामार्गावर रोज घडणाऱ्या लहानमोठ्या अपघातांत गर्दी लवकर पांगते. मागे उरतात ते गोंधळलेले अपघातग्रस्त, चेपलेली गाडी आणि खाकी गणवेशातील एक माणूस. त्या एकाकी घटकेला तो गणवेशधारी काय बोलतो, यावर त्या कुटुंबाचे पुढचे अनेक महिने, क्वचित अनेक वर्षे अवलंबून असतात. म्हणूनच त्याच्या तोंडून एखाद्या खाजगी व्यावसायिकाचे नाव निघावे की नाही, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

चार वाक्ये, चार धंदे

एक प्रसंग कल्पनेत आणावा. रात्रीचे दोन वाजले आहेत. अंबाबाईच्या दर्शनासाठी निघालेल्या पुण्याच्या एका कुटुंबाची मोटार किणीचा टोलनाका ओलांडून वाठारच्या अलीकडे आली असताना मागून ट्रकची धडक बसते. घरच्या कर्त्या माणसाचा पाय मोडतो, म्हातारी आई शुद्ध हरपते, मुले रडू लागतात. थोड्या वेळाने पोलीस येतात. जीवात जीव येतो. मग त्यांतील एक जण खिशातून कार्ड काढतो आणि म्हणतो, "या क्रेनवाल्याला फोन लावा. गाडी अमक्या गॅरेजला टाका. पेशंटला तमक्या हॉस्पिटलमध्ये न्या. आणि क्लेमचं पुढं बघायला हे वकीलसाहेब आहेत, आपलेच आहेत."

चार वाक्ये, आणि चार धंद्यांना चार गिऱ्हाईके मिळाली.

प्रसंग काल्पनिक असला, तरी महामार्गावर गाडी चालविणाऱ्या कोणालाही तो अपरिचित वाटणार नाही. सर्वच पोलीस असे वागतात, असे म्हणणे हा त्या खात्यावर धडधडीत अन्याय होईल. रक्ताने माखलेल्या जखमीला स्वतःच्या हातांनी उचलून रुग्णवाहिकेत ठेवणारे, अनोळखी मृतदेहाच्या नातलगांचा शोध घेत रात्र रात्र जागणारे शिपाई आणि हवालदार याच खात्यात आहेत. किंबहुना त्यांच्यामुळेच गणवेशावर विश्वास टिकून आहे. हा विश्वास त्यांनी कमावलेला आहे आणि कार्ड देणारा हात तो विकत असतो.

सल्ला की हुकूम?

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जाईल. परक्या मुलखात, मध्यरात्री, माणसाला क्रेन कुठे मिळते आणि गॅरेज कुठे उघडे असते हे कसे कळणार? स्थानिक पोलिसाने ते सांगितले तर बिघडले कुठे? ही तर मदतच झाली.

आक्षेपात तथ्य आहे. माहिती देणे हे पोलिसाचे कामच आहे. १९५१ च्या आपल्या राज्याच्या पोलीस कायद्याने रस्त्यावरील असहाय माणसाला शक्य ती सर्व मदत करण्याचे कर्तव्य प्रत्येक पोलीस अधिकाऱ्यावर सोपविले आहे. प्रश्न मदतीचा नाही. प्रश्न माहिती आणि शिफारस यांतील भेदाचा आहे. "या पट्ट्यात पाच क्रेन आहेत, हे त्यांचे क्रमांक आणि हे दर" ही माहिती झाली. "याच क्रेनला बोलवा" ही शिफारस झाली. आणि बोलणारा गणवेशात असतो तेव्हा शिफारशीचा हुकूम व्हायला वेळ लागत नाही.

कारण हा सल्ला देणारा माणूस साधा नसतो. घटनास्थळाचा पंचनामा तोच करणार असतो. गाडी कोणत्या बाजूला होती, ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या, चूक कोणाची दिसते, हे तोच लिहिणार असतो. गाडी ठाण्यात किती दिवस पडून राहणार, हेही पुष्कळ अंशी त्याच्याच हाती असते. अशा माणसाने पुढे केलेले कार्ड नाकारण्याचे धैर्य किती जणांना होईल? "नको साहेब, आम्ही आमच्या ओळखीची क्रेन बोलावतो" असे म्हटल्यास पंचनाम्यातील एखादे वाक्य फिरेल की काय, ही भीती खरी असो वा खोटी, ती मनात येतेच. नकार देण्याची मोकळीक जिथे नाही, तिथे निवडीला अर्थ उरत नाही. या व्यवहारातील अनीती इथे आहे. पैसे हातात पडले की नाही, हा पुढचा प्रश्न. पोलिसाने एक पैही घेतली नाही, केवळ मेहुण्याच्या किंवा मित्राच्या गॅरेजचे नाव सांगितले, तरी राज्यसत्तेचे वजन त्याने एका खाजगी पारड्यात टाकलेले असते.

उलट बाजूही पाहावी. कोल्हापूर हे कारागिरांचे गाव आहे. शिवाजी उद्यमनगरात एकाहून एक कसबी मेस्त्री आपल्या हातच्या गुणावर नाव कमावून आहेत. ज्याला पोलीस ठाण्यातून आयती गिऱ्हाईके मिळतात, त्याला काम चांगले करण्याची किंवा दर वाजवी ठेवण्याची गरज उरत नाही. ज्याचे कसब अस्सल आहे पण ठाण्यात ओळख नाही, तो मात्र मागे पडतो. म्हणजे या प्रथेत अपघातग्रस्त नाडला जातोच, शिवाय सचोटीने धंदा करणारा माणूसही नाडला जातो.

दोन्हीकडे बंदी, मधली वाट मोकळी

अशा शिफारशींना आपल्याकडे नियमांनी बांध घातलेला नाही, असे नाही. डॉक्टरांसाठी २००२ साली लागू झालेल्या व्यावसायिक आचारसंहितेने रुग्ण पाठविण्याबद्दल दलाली देणे आणि घेणे या दोन्ही गोष्टी निषिद्ध ठरविल्या. वकिलांना दलालामार्फत किंवा अन्य मार्गाने अशिलांची याचना करण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई आहे. न्यायालयाच्या आवारात वावरणाऱ्या दलालांविरुद्धच्या तरतुदी २०२३ च्या दुरुस्तीने वकील कायद्यातच आणल्या गेल्या. शासकीय नोकराने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष धंदा करू नये, कुटुंबीयांच्या विमा अथवा दलालीच्या व्यवसायासाठी प्रचार करू नये, असे १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम बजावतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात तर लोकसेवकाने गैरवाजवी लाभ स्वतःसाठी घेतला की दुसऱ्या कोणासाठी, हा भेदच ठेवलेला नाही.

वैद्यकीय क्षेत्रातील ‘कट प्रॅक्टिस’ला आळा घालण्यासाठी राज्य शासनाने २०१७ साली कायद्याचा मसुदा करण्याकरिता समिती नेमली होती. तिचे अध्यक्षपद निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्याकडे होते. डॉक्टरांमधील दलालीचा विचार करण्यासाठी शासनाला एका पोलीस अधिकाऱ्याची सचोटी भरवशाची वाटली, ही त्या खात्याला भूषणावह गोष्ट आहे. तोच निकष खात्याने आपल्या महामार्गावरील चौक्यांना लावावा, एवढीच अपेक्षा आहे. रुग्णालयाने दलाली द्यायची नाही, वकिलाने दलाल नेमायचा नाही, आणि या दोघांच्या मधोमध उभ्या असलेल्या गणवेशाने मात्र कार्ड वाटायचे, ही विसंगती कोणत्या नीतीत बसते?

कायद्याने हाती दिलेला कागद

खरी गंमत, आणि खरी खंतही, पुढेच आहे. अपघातग्रस्ताला पोलिसाने काय द्यावे, हे कायद्याने लिहून ठेवले आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत अपघाताचा पहिला अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. दहा दिवसांच्या आत अपघातग्रस्ताला किंवा त्याच्या वारसांना त्यांचे हक्क आणि पुढील प्रक्रिया समजावून सांगणारा छापील नमुना द्यायचा असतो. ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद खटल्याच्या निकालात या जबाबदारीची पोलिसांना पुन्हा आठवण करून दिली आणि त्यासाठी पोलीस ठाण्यांत प्रशिक्षित पथके असावीत, असे निर्देश दिले.

याचा साधा अर्थ असा, की दाव्याची वाट दाखविण्यासाठी अपघातग्रस्ताला कोणा ‘आपल्याच’ वकिलाची चिठ्ठी लागत नाही. जो कागद मिळायला हवा तो मिळत नाही, म्हणून जे कार्ड मिळू नये त्याला किंमत येते. दलालीचे हे सगळे झाड कागदाच्या टंचाईवर पोसलेले आहे.

इतर बाबतींतही तेच. जखमीला आधी उपचार द्यावेत, पोलिसी सोपस्कार मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच स्पष्ट केले. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य धावते. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. कोल्हापुरात ‘थोरला दवाखाना’ म्हणून पिढ्यान्पिढ्या ओळखले जाणारे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या योजनेप्रमाणे रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळू शकतात. तपासणीसाठी नेलेली गाडी सोपस्कार पूर्ण झाल्यावर २४ तासांत परत करावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम १३६ सांगते. दाव्यासाठी वकील हवा असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि बालके यांना तर उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत विधी साहाय्य मिळते. अपघातात पती गमावलेल्या किती विधवांना हे कोणी त्या पहिल्या आठवड्यात सांगते?

यातील उपचारांच्या नव्या योजनेबाबत सावधही राहिले पाहिजे. अपघात खरोखर रस्त्यावरचा आहे, याची खातरजमा तीत पोलिसांकडून व्हायची असते. योजना स्तुत्य आहे. पण जिथे पोलिसाच्या शिक्क्याला शासकीय पैशाची जोड मिळते, तिथे त्या शिक्क्याभोवती घोटाळणारेही वाढतात. बांध आताच घातला पाहिजे.

वाट कुठे जाते?

हे सारे क्षुल्लक आहे, चहापाण्याचा मामला आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी उत्तर प्रदेशाकडे पाहावे. मोटार अपघाताच्या बनावट दाव्यांचे प्रकरण तेथे एवढे फोफावले, की अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२१ साली बार कौन्सिलला त्या राज्यातील वकिलांना निलंबित करणे भाग पडले. आज गणवेशाच्या आडून खऱ्या अपघाताचे गिऱ्हाईक पाठविले जाते, उद्या गिऱ्हाईकासाठी कागदावर अपघात उभा राहतो. पहिल्या पायरीवर डोळेझाक केली, तर शेवटच्या पायरीवर आश्चर्य व्यक्त करण्यात अर्थ नसतो. त्या बनावट दाव्यांचा भार शेवटी विम्याचा हप्ता प्रामाणिकपणे भरणाऱ्या प्रत्येक वाहनधारकावर पडतो, आणि खऱ्या विधवेच्या दाव्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागते.

प्रगत म्हणविणारे देशही यातून सुटलेले नाहीत. ब्रिटनमध्ये अपघातग्रस्तांची नावे दावे लढविणाऱ्यांना दलाली घेऊन पुरविण्याचा धंदा इतका बोकाळला, की २०११ साली माजी मंत्री जॅक स्ट्रॉ यांनी त्याविरुद्ध जाहीर आवाज उठविला. त्यानंतर शारीरिक इजेच्या दाव्यांतील अशा दलालीवर एप्रिल २०१३ पासून कायद्याने बंदी आली. अमेरिकेतील अनेक शहरांत बंद पडलेली गाडी उचलण्यासाठी पोलिसांकडे नोंदणीकृत क्रेनची क्रमवार यादी असते. आज ज्याची पाळी त्याला बोलावणे जाते, शिपायाच्या मर्जीला त्यात फारसा वाव राहत नाही. चांगले जिथे असेल तिथून घ्यावे. आपल्या महामार्गावरच्या ठाण्यांना अशी पाळीची यादी करायला कोणत्या परदेशी तंत्रज्ञानाची गरज आहे? एक फळा आणि एक वही पुरे.

शासनाचा हातही स्वच्छ हवा

दोष केवळ शिपायाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण राज्यातील कोणत्याही शहरात फिरताना रस्त्यावरच्या पोलिसी बॅरिकेडकडे नजर टाकावी. कुठे सराफाचे नाव, कुठे बांधकाम व्यावसायिकाचे, कुठे शिकवणीवर्गाचे, तर कुठे खाजगी रुग्णालयाचे. शासन पुरेसा निधी देत नाही, म्हणून ठाणेदाराने गावातील ‘दानशूरां’कडे हात पसरायचा आणि त्या बदल्यात पोलिसांच्या लोखंडी कठड्यावर त्यांची नावे मिरवू द्यायची. ज्या रुग्णालयाच्या नावाचा कठडा चौकात उभा आहे, त्या रुग्णालयाविरुद्ध उद्या तक्रार आली तर ठाण्यातील लेखणी तेवढ्याच मोकळेपणाने चालेल, यावर सामान्य माणसाने विश्वास कसा ठेवावा? वरिष्ठांच्या संमतीने कठड्यावर झळकणारी जाहिरात आणि शिपायाच्या खिशातील कार्ड या एकाच रोगाच्या दोन अवस्था आहेत. राज्यात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १५ हजार २२४ माणसे मेली. त्या रस्त्यांवरील पोलिसांना साधे कठडे, दिवे आणि वाहने पुरविण्यासाठी शासनाला जाहिरातदारांच्या दारी जावे लागू नये.

महाराष्ट्राला याबाबतीत परकीय गुरूची गरज नाही. शिवछत्रपतींनी १६७३ साली चिपळूण भागातील आपल्या लष्कराच्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. लागणारे धान्य, वैरण, भाजीपाला बाजारातून रोख पैसे देऊन घ्यावा, रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नये, अन्यथा लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय आहे. ज्याच्या हाती शस्त्र आणि सत्ता आहे त्याने दुर्बलाच्या अगतिकतेचा लाभ उठवला, तर स्वराज्याला स्वराज्य म्हणण्याचा अधिकारच उरत नाही, हे त्या राजाने ओळखले होते. रणांगणावर शौर्य गाजविणाऱ्या सैनिकांनाही ही ताकीद देणे त्याला आवश्यक वाटले, कारण पराक्रम आणि चारित्र्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. आपल्याकडे वैयक्तिक चारित्र्याची चर्चा पुष्कळ होते. घरात निर्व्यसनी, देवभोळा, मुलांवर माया करणारा माणूस सार्वजनिक कामात मात्र ‘थोडेसे चालते’ म्हणतो. राष्ट्रीय चारित्र्याची कसोटी या थोड्याशा ठिकाणीच लागते.

कोल्हापूरने पुढाकार घ्यावा

उपाय अवघड नाहीत. महामार्गावरील प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि चौकीत परिसरातील सर्व क्रेनचालकांची नावे, क्रमांक आणि दर दर्शनी फलकावर लावावेत. बोलावणे पाळीने जावे आणि कोणाला, केव्हा, कोणी बोलावले याची नोंद ठाणे दैनंदिनीत व्हावी. अपघातग्रस्ताला स्वतःची क्रेन आणि स्वतःचे गॅरेज निवडण्याचा अधिकार आहे, हे त्याच फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावे. हक्कांचा तो छापील कागद मराठीत, सोप्या भाषेत, ठाण्यात नेहमी शिल्लक असावा आणि तो दिल्याची पोच न्यायाधिकरणाला जावी. खाजगी व्यावसायिकाचे कार्ड कर्तव्यावर असताना देणे हा शिस्तभंग समजला जावा. आणि पोलिसी साधनांवरील खाजगी जाहिराती टप्प्याटप्प्याने काढून टाकाव्यात.

समाजाचीही जबाबदारी आहे. राज्याच्या महामार्ग पोलिसांनी मार्च २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘मृत्युंजय दूत’ उपक्रमात महामार्गालगतच्या गावांतील, धाब्यांवरील, पेट्रोल पंपांवरील स्वयंसेवकांना जखमींच्या मदतीसाठी सिद्ध करण्याची कल्पना आहे. कोल्हापूरच्या तालमी आणि तरुण मंडळे गणेशोत्सवात जी शिस्तबद्ध यंत्रणा उभी करतात, तिचा दहावा हिस्सा या कामी लागला, तरी शिरोलीपासून कागलपर्यंत रात्रीच्या कोणत्याही प्रहरी अपघातग्रस्ताजवळ पहिला पोहोचणारा माणूस निरपेक्ष असेल. मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीचा जाच होणार नाही, असे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने आणि २०१९ च्या कायदेदुरुस्तीने दिलेले आहे. भीतीचे ते कारण आता उरलेले नाही.

सार्वजनिक रस्त्यावरचा खाजगी व्यवहार निमूटपणे सोसणारे हे गाव नाही. शहरातील टोलविरुद्ध याच कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि पुढे तो टोल बंद करावाच लागला. टोल निदान उघडपणे पावती देऊन घेतला जात होता. मध्यरात्री भेदरलेल्या माणसाच्या हातात कार्ड सरकवून घेतला जाणारा हा टोल बिनपावतीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि अनेक दशकांच्या मागणीनंतर न्याय दाराशी आला. त्या दारापर्यंत जाणारी वाट मात्र महामार्गावरच्या पंचनाम्यापासून सुरू होते.

शिवाजी पुलावर त्या रात्री धावून गेलेल्या तरुणांच्या खिशात कोणाचेही कार्ड नव्हते. संकटातल्या माणसाला हात द्यायचा, एवढेच त्यांना ठाऊक होते. गणवेशधारी पोलिसाचा हातही तसाच रिकामा असावा. त्यात असायचाच तर कायद्याने दिलेला तो कागद असावा, आणि अपघातग्रस्ताने न मागता तो त्याला मिळावा.